आधी झाडे, मग ट्रक

पिंपरी-चिंचवडच्या माळावर १९६६ साली टाटा समूहातल्या टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने पुण्याचा कारखाना उभारायला घेतला, तो काळ परवान्यांचा आणि टंचाईचा. ट्रक बनवला की विकला जाणारच, अशी स्थिती. कोणत्याही व्यवहारी माणसाने आधी असेंब्ली लाइन टाकली असती. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी माळावर हजारो झाडे लावायला घेतली, तळे केले, अप्रेंटिस पोरांसाठी प्रशिक्षण केंद्र काढले आणि यंत्रे बनवणारी यंत्रे घडवण्याचा विभाग आधी सुरू केला. पुण्यातून पहिला ट्रक बाहेर पडायला १९७७ साल उजाडले.

अकरा वर्षे थांबण्याची ही ऐपत टाटांकडे होती, हे खरेच. पण ऐपत असलेले सगळेच थांबत नाहीत.

मुळगावकर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकलेले यंत्र-अभियंते. एसीसी या सिमेंट कंपनीत असताना, युद्धकाळात परदेशी यंत्रसामग्री मिळेनाशी झाली तेव्हा सिमेंटची यंत्रे इथेच घडवण्याच्या खटपटीत ते होते. १९४९ साली ते टेल्कोत आले. १९५४ साली जमशेदपूरला डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला, तेव्हा तो कधी संपणार हेही त्यांना ठाऊक होते. १९६९नंतर ट्रकच्या नाकावर जर्मन तारा नसणार. मग डाय कोण बनवणार, जिग-फिक्श्चर कोण आखणार? पुण्याच्या कारखान्याचा क्रम या प्रश्नातून ठरला: आधी माणूस, मग त्याची हत्यारे, मग माल.

कंपनीच्या प्रमुखाची दृष्टी खालपर्यंत कशी झिरपते, याची चर्चा बहुधा त्याच्या भाषणांभोवती फिरते. मुळगावकरांच्या उदाहरणात भाषणांपेक्षा हा क्रमच बोलका आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कारखान्यात येतो आणि त्याच्याकडून तातडीने उत्पादन मागितले जात नाही; त्याला आधी कानस धरायला, माप घ्यायला शिकवले जाते. इथे घाईपेक्षा अचूकपणाला किंमत आहे, हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. साहेबाने पैसा आणि वेळ आधी कशावर खर्च केला हे कामगार पाहतो आणि त्यावरून स्वतःचे वळण ठरवतो. पुढे टेल्कोत तयार झालेल्या कित्येकांनी भोसरी-चाकणकडे स्वतःची वर्कशॉप टाकली; ते वळण त्यांच्याबरोबर गेले.

त्यांच्याविषयी एक गोष्ट अजूनही सांगितली जाते. जेवणाच्या सुट्टीत मोठे साहेब गायब व्हायचे. शोध घेतला तर महामार्गावरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवताना आणि गाडीच्या तक्रारी टिपून घेताना सापडले. गोष्टीत सांगता सांगता भर पडली असेल. तरी ती टिकली याला अर्थ आहे. दर वेळी सांगताना ती नव्या इंजिनिअरला एकच बजावते: गाडी चालवणाऱ्याला विचार. कोणत्याही परिपत्रकाला एवढे आयुष्य मिळत नाही.

या वळणाची परीक्षा १९८६च्या सुमारास झाली. हलक्या व्यापारी वाहनांच्या बाजारात टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांचा हात धरून उतरल्या होत्या. टेल्कोने परदेशी भागीदार न घेता स्वतः आखलेली ‘४०७’ बाजारात आणली आणि ती टिकली. भाजीपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सारे काही वाहणारी ही गाडी त्या अकरा वर्षांचे सर्वात ठोस उत्तर म्हणावी लागेल.

इथवर मुळगावकरांचे कौतुक सोपे आहे. अडचण पुढे येते.

१९७४ साली याच कंपनीची इंजिनिअर भरतीची जाहिरात निघाली, त्यात महिला उमेदवारांनी अर्ज करू नये असे छापले होते. बेंगळुरूत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट टाटा समूहाचे प्रमुख जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिले. त्यांना मुलाखतीला बोलावले गेले आणि त्या टेल्कोच्या पहिल्या महिला इंजिनिअर ठरल्या. शेवट गोड झाला, पण मूळ मुद्दा तसाच राहतो. तारा उतरल्यावर काय करायचे हे आधीच ताडणाऱ्या संस्थेला, निम्मी माणसे आपण दारातच अडवतो हे दिसले नव्हते. नेत्याची नजर जिथे पोचते तिथे संस्था पोचते. जिथे ती पोचत नाही, तिथे खालचे लोक जुनीच रीत बिनबोभाट चालू ठेवतात.

दुसरी उणीव अधिक महागात पडली. मुळगावकरांचे नेतृत्व वडीलधाऱ्या माणसाचे होते. कामगाराला काय हवे ते घरच्या मोठ्याने ओळखावे आणि द्यावे, अशी त्याची घडण. अशा घरात भांडण करायची रीतसर जागा नसते. १९८८च्या अखेरीस अध्यक्षपद रतन टाटांकडे आले, १९८९च्या जुलैत मुळगावकर वारले आणि सप्टेंबरात कामगार नेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे हजारो कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. पोलिसांनी ते उठवले. संपामागे युनियनमधली चुरस होती, वेतनकरार होता, राजकारणही होते. पण उत्तम प्रशिक्षण मिळालेला, झाडांच्या सावलीत काम करणारा कामगार व्यवस्थापनाऐवजी नायर यांच्यावर का विसंबला, याचे उत्तर फक्त चिथावणी या शब्दात शोधणे आळशीपणाचे होईल. कामगारांना आपण गृहीत धरले, अशा अर्थाची कबुली पुढे खुद्द रतन टाटांनीही दिली.

संपानंतर व्यवस्थापनाला कामगारांशी बोलण्याची घडी नव्याने बसवावी लागली. हत्यारांची आणि आराखड्यांची घडी मात्र जुनीच कामी आली: १९९८ साली इंडिका याच पुण्याच्या कारखान्यातून निघाली.