सुतक आणि विटाळ

बारडोलीत दिवाळीच्या सुमारास दोन हंगाम बरोबरच सुरू होतात. एक ऊसतोडीचा. धुळे, नंदुरबार, डांग या भागांतून कोयते येतात, शेतांच्या कडेला पडाव पडतात आणि साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. दुसरा हंगाम परदेशस्थांचा. इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंड येथून कुटुंबे येतात, वर्षभर बंद असलेल्या बंगल्यांच्या खिडक्या उघडतात, लग्ने निघतात. आमच्यासारखी मराठी घरे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. पडावावरच्या बाईचे बोलणे आम्हाला कळते आणि बंगल्यातल्या बांशी आम्ही गुजरातीत गप्पा मारतो.

मार्च २०२० मध्ये या दोन्ही हंगामांची माणसे एकाच आठवड्यात अडकली. आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, आगगाड्या थांबल्या. आमच्या ताप्ती मार्गावरचे नवापूर स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिथल्या बाकावर दोन राज्यांत मिळून बसल्याचे फोटो लोक हौसेने काढतात. ती गमतीची रेघ त्या दिवसांत एकाएकी खरी झाली. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडावा लागला. त्या दोन वर्षांत सगळीकडे एकच वाद चालला होता : दार लावून ठेवावे की उघडावे? एक पक्ष म्हणे, आधी जीव. दुसरा म्हणे, माणसाने माणसापर्यंत पोचू नये, तर तो जीव राखायचा कशासाठी? दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणूनच वाद मिटत नव्हता. मला वाटते, प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जात होता. तो कसा, हे सांगण्यासाठी मला आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत खानदेशातून पोटासाठी आलेले यंत्रमागाचे कामगार पुष्कळ होते. अनेक खाजगी डॉक्टरही निघून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. अशा एका संध्याकाळी माझी मावशी, तिचे यजमान आणि दोन मुले एक वळकटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. शेजारच्या काकी धावत आल्या. "बेन, आ शुं करो छो? छोकरांनो तो विचार करो!" त्यांचे काही चुकत नव्हते. वडील गप्प उभे होते. आईने पाहुण्यांना आत घेतले नाही आणि परतही पाठवले नाही. मागच्या पडवीत त्यांची सोय केली, मध्ये अंगण ठेवले. ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितले होते की प्लेग दिसायचा तर साधारण सहा दिवसांत दिसतो. आईने ते सहा दिवस मोजले. रोज दोन्ही वेळा ताट पडवीच्या पायरीवर ठेवायची आणि मग अंगणाच्या अलीकडे पाट टाकून मावशी जेवेपर्यंत तिच्याशी बोलत बसायची. सातव्या दिवशी सगळ्यांनी न्हाऊन एका पंगतीत जेवण केले. कोणाला काही झाले नाही.

त्याच सुमारास जग आमच्याशी वेगळे वागत होते. देशभरात प्लेगने दगावलेल्यांची संख्या पन्नासच्या थोडी पुढे गेली. परंतु आखातातील अनेक देशांनी भारताची विमानेच थांबवली. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की प्रवासबंदीचे कारण नाही. सुरत कधी न पाहिलेला मद्रासचा माणूसही त्या दिवसांत संशयित ठरला.

आई पुढे एकदा सहज म्हणाली, "मी सुतक पाळलं, विटाळ नाही." या वाक्याने मला पुष्कळ वर्षे विचार करायला लावले. सुतक म्हणजेसुद्धा दूर बसणेच. पण त्याला दिवस मोजलेले असतात. अकराव्या-बाराव्या दिवशी ते फिटते. घरातला कर्ता असो की तान्हे मूल, ते सगळ्यांना सारखे असते. आणि ज्या घरात चूल पेटत नाही तिथे शेजारपाजारचे, सोयरेधायरे पिठले-भात घेऊन जातात. विटाळाला यांतले काहीच नाही. तो दिवसांवर नाही, जन्मावर ठरतो. तो कधी फिटत नाही. आणि ज्याला तो चिकटवला त्याच्या भाकरीची चौकशी कोणी करत नाही. आपल्या समाजाने या दुसऱ्या गोष्टीपायी काय केले आहे, ते मी सांगायला नको.

साथीच्या काळातल्या प्रत्येक बंदीला हा एक प्रश्न विचारून पाहावा : हे सुतक की विटाळ? बाहेरून येणाऱ्याने चौदा दिवस वेगळे राहावे, हे सुतक. कोरोनाची लागण लक्षणांच्या आधीच पसरू शकते, विमानतळावर कपाळाला लावलेले तापमापक ती पकडू शकत नाही. म्हणून ते दिवस मोजणे भागच होते. पण २०२१ च्या ऑक्टोबरात पुण्यात बनलेली कोविशिल्ड लस भारतात टोचून घेतलेला प्रवासी इंग्लंडने काही दिवस लस न घेतलेलाच धरला. तीच लस त्यांच्या यादीत मान्य होती. अमान्य होते ते आपले प्रमाणपत्र. आपणही मग ब्रिटिश प्रवाशांवर तसेच निर्बंध घातले. आठवड्याभरात दोन्हीकडून माघार झाली. या सगळ्यात विषाणूचा विचार फारसा कोणी केला नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची खबर जगाला प्रामाणिकपणे दिली, आणि बक्षीस म्हणून त्यांच्याच देशाची विमाने बंद झाली. खबर देणाऱ्याला शिक्षा होते हे कळले की पुढचा माणूस खबर दडवतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या झडत्या सुरू झाल्या तेव्हा लोकांनी आजारी माणसे लपवली, ती याच भीतीने. म्हणजे विटाळ अन्यायाचा तर असतोच, शिवाय रोगाला वाट करून देतो.

इथवर लिहिणे सोपे आहे, कारण दोष परक्यांचा आहे. आता आमचे सांगतो. एप्रिल २०२० मध्ये आमच्या सोसायटीने एक कागद केला. पडावावरच्या मजुरांनी कोपऱ्यावरच्या दुकानाशी येऊ नये, नळावर पाणी भरू नये, असे त्यात होते. मुदत लिहिली नव्हती. त्याच गल्लीत मार्चमध्ये परदेशातून आलेले एक कुटुंब घरात वेगळे राहिले होते; त्यांना किराणा फोनवर मागवता येई आणि तो दारात पोचवण्याची व्यवस्था आम्हीच आनंदाने केली. रोग देशात विमानाने आला होता, उसाच्या गाडीतून नव्हे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. तरी कागदावर इतरांबरोबर माझीही सही आहे. आईला मी ते सांगितले नाही. तिला कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मग त्यांना पाणी कोण नेऊन देतं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचे पिंप पडावाच्या तोंडाशी जाऊ लागले. पण तोवर आठ दिवस गेले होते, आणि उन्हाळा होता.

२०२१ चा एप्रिल आला. सुरतेच्या स्मशानांत जागा पुरेना; काही प्रेते अंत्यसंस्कारासाठी बारडोलीला आणावी लागली. त्याच दिवसांत आईचे हृदय थकत चालले होते. माझा थोरला भाऊ ऑकलंडला असतो. तेव्हा तो तिथला रहिवासी होता, नागरिक नव्हता. न्यूझीलंडने ११ एप्रिलपासून २८ एप्रिलपर्यंत भारतातून येणाऱ्या सर्वांना, स्वतःच्या नागरिकांनासुद्धा, प्रवेश बंद केला. पुढेही नागरिक आणि त्यांचे अगदी जवळचे सोडता इतरांना वाट जवळजवळ नव्हतीच. दादा इथे येऊ शकला असता, पण मुलाबाळांत परत कधी जाता आले असते, हे कोणी सांगू शकत नव्हते. त्याने फोनवर विचारले, "आई, येऊ का?"

ती म्हणाली, "तुझ्या गावात रोग नाही ना? मग जाताना इथून घेऊन जाशील. नको येऊस."

तिच्या शेवटच्या दिवसांत तो आला नाही. त्याने सगळे मोबाइलच्या पडद्यावर पाहिले आणि तिथेच दहा दिवस पाळले. आज विचाराल तर तो म्हणतो, त्या देशाने फार माणसे वाचवली; आणि त्याच श्वासात म्हणतो, मला माझ्या आईचे तोंड पाहू दिले नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि एक दुसऱ्याला खोडत नाही. त्या देशाने येणाऱ्यांसाठी खोल्या ठेवल्या, जेवण दिले, चौदा दिवस मोजले. हे सुतकच होते. पण खोल्या थोड्या आणि माणसे फार, म्हणून पुढे पुढे ऑनलाइन सोडतीत ज्याचा नंबर लागेल त्याला दार मिळू लागले. मरणाला टेकलेल्या माणसाकडे जाण्याची आणि तिथून परतण्याची वाट सोडतीवर ठेवू नये, एवढे तरी आपण म्हणू शकतो.

नव्या रोगाची मुदत कोणाला ठाऊक नसते, असे यावर कोणी म्हणेल. बरोबर आहे. आई तरी कुठे डॉक्टर होती? पण कोणत्या तारखेला पुन्हा विचार करू, हे तरी सांगता येते. थांबवलेल्या माणसाला बंदीइतकीच बिनतारखेची बंदी जाचते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतही वाहतुकीला विनाकारण अडथळा नको, हे तत्त्व आहे. मे २०२५ मध्ये जागतिक महामारी करारही मंजूर झाला. कागद आहेत. ते पाळायची वेळ येईल तेव्हा ते पासपोर्ट पाहतील की दिवस मोजतील, हा प्रश्न उरतोच. आणि थांबवलेल्याचे ताट कोण भरेल, हाही.

यंदाही दिवाळीबरोबर कोयते येऊ लागतील. त्या पाठोपाठ बंगल्यांच्या खिडक्या उघडतील. दादाही येणार आहे. आमच्या सोसायटीच्या फाइलीत तो २०२० चा कागद अजून आहे. तो रद्द केल्याचा ठराव कधी झालाच नाही, कारण मुदत नसलेला कागद आपोआप संपत नाही. या बैठकीत तो विषय मी मांडणार आहे. खाली माझी सही आहे, तेव्हा मांडायचा तर तो मीच मांडायला हवा.