ययातीचे मागणे

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. फराळाच्या ताटाशेजारी पडलेला अंक, घरात मुलेबाळे! परंतु ज्या गोष्टीविषयी घरात कोणी चकार शब्द काढीत नाही, तिच्याविषयी बाहेरच्या भिंती मात्र बडबडत असतात. भंडाऱ्याहून तुमसरकडे एस. टी. ने जाताना 'गेलेली ताकद' परत आणून देण्याची वचने भिंतींवर हातभर अक्षरांत वाचावयास मिळतात. असल्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण शरमलेला माणूस फिर्याद करीत नाही, हे भिंत रंगविणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

सरळ बोलणारे आपल्यात झालेच नाहीत, असे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली. त्यांपायी १९३४ मध्ये खटला उभा राहिला, डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेतले, तरी दंड झालाच.

मी मराठीचा मास्तर. 'पुरुषार्थ' शब्द फळ्यावर लिहून धर्म, अर्थ, काम, मोक्ष असे चार मुलांकडून वदवून घेतो. व्यवहारात मात्र चारांचा एक होतो आणि तोही एका इंद्रियापुरता आकसतो. पन्नाशीही न गाठलेल्या मधुमेही गृहस्थाचे शरीर साथ देईनासे झाले की तो मनातल्या मनात स्वतःला नामर्द म्हणू लागतो. इच्छा शाबूत, माया शाबूत. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू काम करीनासे झाले, एवढेच घडलेले असते.

अशा माणसाला आपण ययातीचे नाव घेऊन हिणवतो. हा न्याय नव्हे. ययातीचा दोष मागण्यात नव्हता; आपल्या मागण्याची किंमत त्याने पुरूला, पोटच्या पोराला, द्यावयास लावली, हा होता. आजचा रोगी कोणाचे तारुण्य मागत नाही. तो शस्त्रवैद्याकडे जातो आणि किंमत स्वतःच्याच देहाने मोजतो.

ती किंमत नीट समजून घेतली पाहिजे. इंद्रियाच्या आत रक्ताने भरणाऱ्या दोन लांबट पोकळ्या असतात. त्यांत दोन नळकांड्या बसवितात. एका प्रकारात त्या हाताने वाकवावयाच्या आणि सरळ करावयाच्या असतात; मुंबईच्या डॉ. रूपिन शहा यांनी या जातीचे भारतीय बनावटीचे रोपण तयार केले आहे. दुसरा प्रकार अमेरिकेतील डॉ. स्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पुढे आणला. त्यात पोटात मिठाच्या पाण्याची छोटी पिशवी आणि अंडकोशात बोटाने दाबावयाचा पंप असतो. पंप दाबला की पाणी नळ्यांत येते, कळ दाबली की परत जाते. आमच्या धानाच्या बांध्यांना पाणी द्यावे आणि मोडावे, तसाच हा मामला!

यातून हवी तेव्हा ताठरता मिळते. स्पर्शाची जाणीव आणि सुखाची परिसीमा बहुधा पूर्वी होती तशीच राहते. लांबी वाढत नाही. कित्येकांना ती थोडी कमीच भासते. इच्छा नसेल तर इच्छा निर्माण होत नाही. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे दम धरावा लागतो. जंतुसंसर्ग झालाच तर सारे काढून टाकण्याची पाळी येते, म्हणून साखर आधी ताब्यात हवी. यंत्र म्हटले की दहापंधरा वर्षांत बिघाडही संभवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळची उरलीसुरली व्यवस्था या नळ्यांपायी मोडते. तेथून मागे फिरता येत नाही. म्हणून १९९८ पासून मिळू लागलेल्या गोळ्या, मग इंजेक्शने, हवा ओढून घेणारे साधन, हे सारे थकल्यावरच हा उपाय.

ज्याने एवढेच मागितले, तो बहुधा समाधानी होतो. ज्याला गेलेली विशी हवी असते किंवा बिघडलेला संसार पंपाने नीट करावयाचा असतो, त्याला ते मिळण्यासारखे नाही.

ययातीने तारुण्य मागितले तेव्हा देवयानीला किंवा शर्मिष्ठेला, तुला काय हवे, असे विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. आजही बहुतेक पुरुष विचारीत नाहीत. जाणते डॉक्टर म्हणून दोघांनाही समोर बसवितात.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी चार वर्षे ओसरीवर निजत. धानाच्या राशीला राखण हवी, हे निमित्त. रास विकली गेली तरी राखण चालूच! शेवटी ते चोरून नागपूरला गेले, ते थेट शस्त्रक्रियेचा खर्च विचारावयालाच. डॉक्टरांनी प्रथम विचारले, "बाईंना का आणले नाही?" त्या रात्री घरी येऊन त्यांनी बायकोला सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढंच होतं का जी? मले वाटे, माझंच काई चुकलं."

पुढच्या खेपेला दोघे मिळून गेले. डॉक्टरांनी साखर तपासली आणि हृदयही तपासावयास लावले. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या बारीक, त्यामुळे हृदयाच्या दुखण्याची वर्दी कधी कधी तेथे आधी लागते. पथ्य सुरू झाले, मग गोळी. शस्त्रक्रियेची गरज अजून पडलेली नाही. राखणीला आता पुतण्या निजतो.