कुणाला जगू द्यायचं, याचं पेटंट

अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२९ साली पेनिसिलिनवर जो निबंध छापला, त्याच्या शीर्षकात रोगी बरा करण्याची गोष्टच नाही. तिथे उपयोग सांगितलाय तो फ्लूचा मानला जाणारा जंतू वेगळा काढण्याचा. घशातले बरेचसे जंतू पेनिसिलिनने दबत, हा मात्र त्याला दाद न देता प्लेटवर वाढे. जंतू वाढवायच्या माध्यमात प्रतिजैविक घालून हवा तो जंतू निवडायचा, ही युक्ती तेव्हापासून सगळ्यांची. मग अशा माध्यमाचं पेटंट कोर्टात गेलं, तर भांडण नेमकं कशाचं?

गनोरियाच्या जंतूसाठी १९६०च्या दशकात थायर आणि मार्टिन यांनी केलेलं माध्यम घ्या. रक्त तापवून केलेलं तपकिरी चॉकलेट अगार (चॉकलेट त्यात फक्त नावात असतं). त्यात व्हँकोमायसिन ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंना आवरतं, कोलिस्टिन बऱ्याच ग्राम-निगेटिव्हांना, निस्टॅटिन बुरशीला. पेटंट पाडायला आलेला वकील म्हणेल, तिघंही आपापलं ठरलेलं काम करतात, यात नवं काय? आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ई) त्याच्याच बाजूचं: घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होत असेल, तर ते मिश्रण शोध नव्हे.

मला हे अर्धंच पटतं. कोण मरणार ते पुस्तकात सापडतं. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो नाजूक जंतू तिन्ही औषधांच्या माऱ्यात तगेल का, ते प्लेटवरच कळतं. व्हँकोमायसिन मिलिलिटरला फक्त ३ मायक्रोग्रॅम. शोध असलाच, तर या मात्रेत आहे.

पण तगणं हा तर जंतूचाच गुण! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली फंक ब्रदर्स खटल्यात असंच बोट ठेवलं होतं. शेंगावर्गीय पिकांच्या मुळांशी नत्र धरणारे, एकमेकांना न मारणारे जीवाणू एकत्र केले होते. ते एकमेकांना मारत नाहीत ही निसर्गाची करणी, असं म्हणून पेटंट रद्द झालं. प्रतिजैविकाच्या माध्यमात निदान मात्रा तरी माणसाने ठरवलेली असते. तेवढ्यावरच हक्क मागावा, त्याहून ऐसपैस मागणी टिकू नये.

पुढे गनोरियाचे काही वाण व्हँकोमायसिनलाही बळी पडतात असं दिसलं, आणि काही माध्यमांत त्याच्या जागी लिंकोमायसिन आलं. पहिल्या माध्यमावर पेटंट असतं, तर मालक म्हणाला असता, ही माझीच नक्कल. बदल करणाऱ्याने कोर्टापुढे एवढंच ठेवायचं: ज्या प्लेटवर जंतू उगवलाच नाही ती, आणि तोच नमुना उगवलेली दुसरी.