दाखला सरकारचा, खेप विद्यार्थ्याची

मंगळवेढ्याची एक मुलगी सोलापुरात बीएस्सीला आली आहे, असं समजू. वडील ज्वारीच्या रानात मजुरी करतात. घरचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत, जात अनुसूचित. म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा तिचा हक्क. मात्र तो सिद्ध करायचा तिनेच.

पगारपत्रक नसलेल्या माणसाचं उत्पन्न कागदावर आणायचं, तर आधी तलाठ्याचा अहवाल हवा. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.) मग तहसीलदारांचा दाखला. तो स्कॅन करून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर चढवायचा; फाइल मोठी झाली तर सायबर कॅफेवाला लहान करून देतो, फुकट नव्हे. पुढे अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडे, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, मग समाजकल्याण विभागाकडे. वाटेत कुणाला शिक्का पुसट वाटला, की अर्ज ‘सेंड बॅक’. एवढं होऊन मंजुरी मिळाली तरी रक्कम जाते ती आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. ते खातं कुठलं, हे पुष्कळांना पैसे न आल्यावरच कळतं.

यातला जवळपास प्रत्येक कागद सरकारनेच दिलेला असतो. उत्पन्नाचा दाखला महसूल खात्याचा, जातीचा प्रांताधिकाऱ्यांचा, गुणपत्रिका राज्य मंडळाची. सरकारच्या एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यापर्यंत पोचवणारा टपालवाला म्हणजे अठरा वर्षांची विद्यार्थिनी. पोर्टलने खिडकीपुढची रांग मोडली, खेपा तेवढ्या राहिल्या.

तपासणीच नको, असं कुणी म्हणणार नाही. शिष्यवृत्तीच्या पैशांत संस्थांनी केलेल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी २०१६ मध्ये राज्याला खास पथक नेमावं लागलं होतं. पैसे थेट खात्यात देण्यामागे तो अनुभवही आहे. पण गैरव्यवहार संस्थांचा आणि संशयाचा भार मुलांवर, हा न्याय उफराटा आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची ही योजना १९४४ सालची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने तिच्यासाठी पाच वर्षांचा ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्यांचा ४०. राज्याने आपला वाटा खात्यात टाकल्यावर केंद्राचा सुटतो. कॉलेजच्या फीची तारीख मात्र दोघांसाठीही थांबत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्याने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क ५० ऐवजी १०० टक्के माफ केलं. स्वागतार्हच. घोषणा टक्क्यांची होते, दाखल्यांची कधी होत नाही.

अमेरिकेने २०२० मध्ये कायदा करून आपला ‘फाफ्सा’ हा विद्यार्थ्यांसाठीच्या आर्थिक मदतीचा अर्ज आखूड केला आणि उत्पन्नाचे आकडे थेट करखात्याकडून घ्यायचं ठरवलं. नवा अर्ज ऑक्टोबरऐवजी २०२३च्या डिसेंबरअखेरीस खुला झाला, तोही चुकांसकट. तरी दिशा बरोबर होती. आपल्याकडे मजुराच्या नावाने आयकर विवरणपत्र नसतं, त्यामुळे ती वाट जशीच्या तशी चालणार नाही. पण तहसीलदारांच्या दाखल्यावर बारकोड असतो.

तो समाजकल्याण विभागाने स्वतः वाचावा. अर्ज परत पाठवायचाच असेल, तर नेमकी चूक मराठीत लिहून मुलीच्या मोबाइलवर कळवावी. आणि दोन्ही वाटे जमा होईपर्यंत कॉलेजांनी फीसाठी तिचा परीक्षा अर्ज अडवू नये.