गुंडाळीचा कारभार

मानवी पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरतो. काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात तो मावतो, कारण आठ-आठ हिस्टोन प्रथिनांच्या रिळांभोवती त्याला वेढे पडलेले असतात. एकेका रिळावर जवळपास १४७ अक्षरे. १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी ही रचना मांडली. त्यानंतरही बरीच वर्षे अनेक जीवशास्त्रज्ञ हिस्टोनकडे निव्वळ बांधाबांधीची सोय म्हणून पाहत होते. जनुक कधी चालू करायचे आणि कधी बंद, हे दुसरी प्रथिने ठरवतात, असा समज होता. तो कसा ढासळला याचा माग काढताना एकाच धाटणीचा युक्तिवाद पुन्हा पुन्हा भेटतो, आणि त्याच वाटेवर एसएमएआरसीबी१ हे मानवी जनुक उभे आहे.

सुरुवात यीस्टपासून झाली. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात मेरियन कार्लसन उसाच्या साखरेवर वाढू न शकणारे यीस्ट निवडून काढत होत्या. सॅन फ्रान्सिस्कोत आयरा हर्स्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत वेगळाच प्रश्न होता: यीस्टची पेशी आपला लिंगप्रकार कसा बदलते? १९८४ मध्ये दोन्हीकडून जनुकांच्या याद्या आल्या, आणि पुढे लक्षात आले की दोन्ही याद्यांतले एक जनुक चक्क एकच आहे. साखर पचवणे आणि लिंगप्रकार बदलणे यांचा एकमेकांशी काय संबंध? थेट काहीच नाही. म्हणजे हे जनुक दोन्ही कामांच्या मागे, कुठेतरी खोलवर बसलेले असणार.

आता जी पायरी आली ती मला या सगळ्या कथेत सर्वांत देखणी वाटते. हर्स्कोविट्झ आणि हार्वर्डचे फ्रेड विन्स्टन यांच्या गटांनी हे जनुक बिघडलेले यीस्ट घेतले आणि त्यात आणखी एक बिघाड शोधला, पहिल्याची भरपाई करील असा. असे बिघाड सापडले. त्यांतले काही खुद्द हिस्टोनच्या जनुकांत निघाले! रीळ सैल झाले की हरवलेल्या प्रथिनाची उणीव भासत नव्हती. याचा अर्थ असा की त्या प्रथिनाचे कामच रिळांशी झुंजण्याचे होते, आणि रिळे जनुकांना अडवून धरत होती. पेशीत डोकावून कोणी ही झुंज पाहिलेली नव्हती. दोन मोडक्या गोष्टी शेजारी ठेवून ती तर्काने ओळखली गेली. हे प्रथिन एकटे काम करत नाही; ज्या प्रथिनांच्या टोळीत ते असते, ती टोळी १९९४ मध्ये यीस्टमधून आणि मानवी पेशींतून वेगळी काढण्यात आली. एटीपीची ऊर्जा खर्चून ती डीएनएची हिस्टोनवरची पकड खरोखर बदलते, हे परीक्षानळीत दिसले.

दरम्यान फळमाशीतही हाच युक्तिवाद चालू होता. पॉलीकोम्ब गटातली प्रथिने शरीराचे भाग ठरवणारी जनुके, जिथे नको तिथे, बंद ठेवतात. ती कमी पडली की माशीचे अवयव आपली ओळख विसरतात. जेम्स केनिसन आणि जॉन टॅमकन यांनी १९८८ मध्ये हा विसर भरून काढणारे दुसरे बिघाड गोळा केले. त्यांत ब्रह्मा नावाचे एक जनुक होते, आणि ते यीस्टमधल्या त्याच जनुकाचे भावंड निघाले. एक बाजू जनुक बंद ठेवते, दुसरी उघडते, आणि पेशीची ओळख या ओढाताणीतून टिकते. माझ्या मते, इथे गुंडाळी हा कारभाराचाच भाग असल्याचे सिद्ध झाले.

एसएमएआरसीबी१ माणसात सापडले ते मात्र एचआयव्हीचा शोध घेताना. हा विषाणू स्वतःचा डीएनए माणसाच्या गुणसूत्रात शिरवण्यासाठी जे प्रथिन वापरतो, त्याला चिकटणारे मानवी प्रथिन गंजम कल्पना यांनी १९९४ मध्ये स्टीफन गॉफ यांच्यासोबत शोधले. ते कार्लसन यांच्या यादीतल्या, त्याच टोळीतल्या एका प्रथिनाचे मानवी रूप होते. चारच वर्षांनी पॅरिसच्या क्युरी संस्थेतल्या ऑलिव्हिए देलात्र यांच्या गटाने दाखवले की लहान मुलांच्या रॅब्डॉइड गाठींत बाविसाव्या गुणसूत्रावरचे हेच जनुक निकामी झालेले असते.

ही गाठ मेंदूत, मूत्रपिंडात किंवा मऊ ऊतींत होते, बहुधा तीन वर्षांखालच्या बाळांना, आणि फार झपाट्याने वाढते. धूम्रपान करणाऱ्या प्रौढाच्या फुप्फुसातल्या गाठीत डीएनएची हजारो अक्षरे बदललेली आढळतात. इथे २०१२ मधल्या जनुकीय वाचनात या एका जनुकापलीकडे जवळजवळ काहीच बिघडलेले दिसले नाही. मजकूर जवळपास शाबूत, आणि तरी इतका उग्र कर्करोग. याच जनुकातला निराळा, सौम्य बदल जन्मतःच असेल तर कॉफिन-सिरिस सिंड्रोम होऊ शकतो. त्यात मुलाची वाढ आणि आकलन मंदावते. आज पॅथॉलॉजिस्ट गाठीचा काप रंगवून हे प्रथिन गायब आहे का ते पाहतात, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही.

उपचाराची कल्पनाही थेट माशीकडून आली. उघडणारी बाजू मोडली असेल तर बंद करणारी बाजूही कमजोर करून पाहावी, म्हणजे पॉलीकोम्बचे ईझेडएच२ हे प्रथिन औषधाने अडवावे. टॅझेमेटोस्टॅट या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये एपिथेलिऑइड सार्कोमासाठी मंजुरी मिळाली. या कर्करोगातही बहुतेकदा एसएमएआरसीबी१ हरवलेले असते. ज्या चाचणीवर ही मंजुरी आधारली होती तिच्यातल्या ६२ रुग्णांपैकी साधारण १५ टक्क्यांची गाठ आकसली. बाकीच्यांची का आकसली नाही, या प्रश्नाला मी त्या मंजुरीइतकेच महत्त्व देईन. कदाचित ओढाताणीला दोनच बाजू नसतील. एसएमएआरसीबी१ गेल्यावरही टोळीचा उरलेला भाग काम करत राहतो. रॅब्डॉइड पेशी त्यातल्या बीआरडी९ या प्रथिनावर तगून असतात, हे २०१८च्या सुमारास दिसून आले. आता ते अडवले तर काय होते, याचा शोध चालू आहे.