दोन मतदानांच्या मध्ये

‘समजलं का?’ असं वर्गाला विचारलं की पुढच्या दोन बाकांवरून ‘हो सर’ येतं आणि सर फळा पुसतात. उरलेल्या शंभरेक डोक्यांत काय चाललंय, हे पेपर तपासताना कळतं. क्लिकर नावाचं छोटं रिमोट ही अडचण सोडवायला आलं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुलं चार पर्यायांतल्या एकाचं बटण दाबतात आणि पडद्यावर टक्केवारीचे स्तंभ उभे राहतात; ‘कौन बनेगा करोडपती’मधला ऑडियन्स पोलच म्हणा ना. पण ही कल्पना शंभर वर्षं चाचपडत इथवर आली आहे, आणि तिच्यातला खरा ऐवज यंत्र बनवणाऱ्यांच्या हाती लागलेला नाही.

1920च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठातल्या सिडनी प्रेसी यांनी चार कळांचं यंत्र बनवलं. बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न यायचा नाही. बरोबर उत्तराला गोळी बाहेर टाकण्याची सोयही त्यांनी केली होती! शिक्षकाला तपासणीच्या हमालीतून सोडवायचं, एवढा सरळ हेतू. 1953 साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात जाऊन बसले. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही, हे त्यांना खटकलं. मग त्यांनीही यंत्र बनवलं, पण त्यात पर्यायच नव्हते. उत्तर मुलानं स्वतः तयार करायचं. पर्याय असोत वा नसोत, दोघांनाही शिकणारा दिसला तो एकटा. शेजाऱ्याशी बोलणं म्हणजे कॉपीच.

1960च्या दशकात स्टॅनफर्ड, कॉर्नेल अशा विद्यापीठांनी बाकांना बटणं जोडली. मुलांना मौज वाटली. त्या काळच्या अभ्यासांत गुण मात्र वाढलेले दिसले नाहीत. मला याचं आश्चर्य वाटत नाही. निम्म्या वर्गाला कळलेलं नाही हे समजल्यावर प्राध्यापक काय करणार? तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगणार.

खरं वळण आलं ते हार्वर्डमध्ये, आणि तेही यंत्राशिवाय. एरिक मझूर तिथे 1984पासून भौतिकशास्त्र शिकवत होते. विद्यार्थी खूश, गुण चांगले. 1990च्या सुमारास त्यांच्या वाचनात अमेरिकेतल्याच दोन संशोधकांचे लेख आले: सूत्रं वापरून गणितं सोडवणाऱ्या मुलांनाही न्यूटनचे नियम कळलेले नसतात. हार्वर्डची मुलं तशी नसणार, अशा खात्रीनं त्यांनी साधे प्रश्न दिले. जड ट्रक आणि हलकी मोटार धडकली, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? दोन्ही बलं सारखीच, हा न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ होता. तरी एका मुलीनं विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू की मला वाटतं तसं?

चाचणीनंतर मझूर यांनी एक प्रश्न समजावून सांगितला. मुलांचे चेहरे कोरेच. दुसऱ्या पद्धतीनं सांगितला, तरी तेच. शेवटी वैतागून ते म्हणाले, आपापसात बोला. सभागृहात गोंधळ माजला आणि दोन-तीन मिनिटांत मुलांनी उत्तर काढलं. मझूर यांचा निष्कर्ष मला फार पटतो: ज्याला एखादी गोष्ट नुकतीच उमगली आहे, त्याला ती कुठे अडते हे आठवत असतं, प्राध्यापक ते केव्हाच विसरलेला असतो.

यातून त्यांनी रीत बसवली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, पुन्हा मत द्यायचं. सुरुवातीला हात वर करून, मग कार्डं दाखवून. यंत्रं नंतर आली. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर आली, तर वाद रंगतो. म्हणजे सगळी करामत चुकीच्या पर्यायांत आहे. ते इतके खरे वाटले पाहिजेत की हुशार मूलही तिथे अडखळावं. असा एक प्रश्न रचायला वेळ लागतो, आणि तो कोणत्याही कंपनीच्या खोक्यात मिळत नाही.

2009 साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गावरचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. गटात कुणालाच उत्तर ठाऊक नसलं, तरी चर्चेनंतर समज वाढते, असं त्यात दिसलं. म्हणजे हुशार मुलाचं उत्तर बाकीचे उचलतात, हा आक्षेप पुरता टिकत नाही.

रेडिओलहरींवर चालणारे स्वस्त क्लिकर विद्यापीठांतून पसरले, तसं त्यांच्याकडे दुसरंच काम आलं: हजेरी. 2014 साली डार्टमथ कॉलेजात गैरहजर मित्रांचे क्लिकर दाबल्याच्या प्रकरणात 64 विद्यार्थ्यांवर आरोप झाले. विषय होता खेळ, नीती आणि धर्म! प्रॉक्सी लावण्यात आपलीच मुलं तरबेज आहेत, असं कुणी समजू नये.

आता आपल्या कॉलेजांतही मोबाइलवरून असं मतदान घेता येतं, आणि ‘स्मार्ट’ वर्गाच्या खरेदीची घाई आहे. खरेदी समितीनं एक निष्कर्ष आधी वाचावा. कॅनडातल्या एका कॉलेजात मझूर यांचीच पद्धत एका वर्गात क्लिकरनं आणि दुसऱ्यात पुठ्ठ्याच्या कार्डांनी राबवली गेली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही वर्गांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.