पंधरा घरांचे नाव

संगणकाच्या पोटात एकाच वेळी शेकडो कामकरी राबत असतात. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात तर काही खास सेवकच नेमलेले आहेत. त्यांना 'कर्नल थ्रेड' म्हणतात. बिघाड झाला म्हणजे कोणाला जाब विचारायचा ते कळावे, म्हणून प्रत्येकाला नाव असते. त्या नावाला जागा १६ घरांची. शेवटचे घर 'येथे नाव संपले' या खुणेचे. म्हणजे हाती उरली १५.

इंग्रजी अक्षराला एक घर पुरते. आपल्या देवनागरीत अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण या प्रत्येकाला तीन घरे लागतात. एखाद्या थ्रेडला संतांची नावे द्यावयाची हौस कोणास आली, तर एकनाथ नेमके मावतात. तुकारामांचे 'तुकार' होते आणि ज्ञानेश्वरांचे नुसते 'ज्ञान' उरते. (हा अपघात मात्र गोड!)

मर्यादा असणे हा काही अपराध नव्हे. प्रश्न निराळा आहे : लांब नाव घेऊन कोणी दारी आला, तर त्याच्याशी कसे वागावे? थ्रेडला नाव देण्याची एक वाट त्याला उंबरठ्यावरच अडवते. 'लांब आहे, घेत नाही' म्हणून सांगते. 'पीआरसीटीएल' नावाची दुसरी वाट नाव घेते, शेपूट छाटते आणि काम फत्ते झाल्याचे कळवते. माहितीपुस्तिकेत तसे स्वच्छ लिहिलेही आहे की, नाव निमूटपणे तोडले जाईल. मग लबाडी कुठे राहिली?

मला तरी पहिली, तोंडावर नकार देणारी वाट अधिक सभ्य वाटते. पुस्तिका वाचतो तो नाव देणारा. पण मध्यरात्री बंद पडलेल्या यंत्रापुढे बसून ते नाव वाचणारा दुसराच कोणी असतो. त्याला कोणी काय सांगितले? दोन निरनिराळी नावे छाटल्यावर एकसारखीही दिसू शकतात. डिस्कवरील नोंदवही सांभाळणाऱ्या 'जेबीडी२' या सेवकाच्या नावात त्याच्या डिस्कचेही नाव असते. डिस्कचे नाव लांब असले की शेवटचा आकडा गळून नुसती आडवी रेघ लोंबत राही.

२०२२ साली, ५.१७ या आवृत्तीत, गाभ्यातील सेवकांचे न मावणारे नाव वेगळे, पूर्ण जपून ठेवण्याची सोय झाली. १६ घरांचा जुना साचा मोडला नाही, कारण त्या मापावर विसंबलेली अवजारे बाहेर फार. बाकीच्या साध्या थ्रेडना मात्र अजून १५च घरे आहेत.